कड्यावर की गवतावर

"माणूस तरुण असतो तेव्हा लांब बघतो," बाबा माइकमध्ये म्हणाले. "वय झालं की नजर आपोआप पायाशी येते. माझंही तेच झालं. आधी मी डोंगराच्या कड्यावर फोकस करायचो. आता पायाजवळच्या गवतावर करतो. गवतालाही चेहरा असतो हो."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. मी मागे दाराजवळ बाबांचा कोट धरून उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण त्या भिंतींवर टांगलेल्या एकाही फोटोत गवतावरचा फोकस बाबांनी केलेला नव्हता. मी केला होता. बाबांना गवत दिसतच नाही.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर माझा राग म्हणजे नुसती आदळआपट वाटेल.

बाबा आयुष्यभर निसर्गाचे फोटो काढत आले. डोंगर, तळी, जंगलं, नदीची वळणं. कॅलेंडरांवर आणि पुस्तकांत त्यांचे फोटो आहेत, दवाखान्यांच्या भिंतींवर तर आहेतच. दात उपटून घ्यायला बसलेला माणूस जीव मुठीत धरून समोर ज्या डोंगराकडे बघतो, तो डोंगर बऱ्याचदा माझ्या बापाचा असतो. मला हे माहीत आहे, कारण माझं कामच दातांचं. डॉक्टर मापं पाठवतात आणि लॅबमध्ये बसून मी टोप्या आणि कवळ्या बनवते. दिवसभर भिंगाखाली दाताची कड घासायची, एवढंसं जास्त झालं तर माणसाचा जबडा दुखणार. जवळचं बघायची मला सवय आहे. बाबांना ती कधीच नव्हती.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी व्हायला लागला. आधी एका डोळ्याचा, मग दुसऱ्याचा. या दुखण्यात माणूस आंधळा होत नाही. कडेकडेचं सगळं दिसतं. खोलीत दार कुठे, खुर्ची कुठे, आकाश किती आणि पाणी किती, हे बाबांना अजूनही बरोबर कळतं. फक्त ज्याच्याकडे थेट बघाल तेच नाहीसं होतं. समोरच्या माणसाला खांदे असतात, कान असतात, चेहरा नसतो. काही नीट बघायचंच असलं तर बाबा कोंबडीसारखी मान वाकडी करतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. पण हे फक्त घरात आणि रानात. चार लोकांत ते मान ताठ ठेवतात आणि आवाज येईल त्या दिशेला हसतात. लोक म्हणतात, सर किती शांत झालेत.

आई आणि मी सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी तशी तंबीच दिली होती. आणि मान वाकडी करून ते बघायचे ते ढगांकडे, पाण्याकडे, प्रिंटकडे. आईकडे किंवा माझ्याकडे त्यांनी कधी अशी मान वळवली नाही. आम्हाला आवाज होते, तेवढ्यावर भागत होतं.

कुणी म्हणेल, हल्लीचे कॅमेरे स्वतःच फोकस करतात की! करतात. पण कशावर करायचा ते कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर कॅमेरा समोर जे ठळक दिसेल ते पकडतो आणि मोकळा होतो. आणि गवत वीतभर अंतरावर असेल आणि कडा तळ्याच्या पलीकडे, तर दोन्ही एकदम शार्प येत नाहीत. भिंगाचं तोंड कितीही बारीक करा, एकावर पाणी सोडावंच लागतं. फोकस बदलत चार फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर जोडायचे, अशी एक युक्ती आहे. बाबा तिला शिवणकाम म्हणतात. शिवाय चार फोटो होईपर्यंत वाऱ्यावरचं गवत काय आपल्यासाठी थांबतं? म्हणजे काय स्पष्ट ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही. फोटोत माणूस काय बघणार, ते तिथेच ठरतं.

आमची पद्धत अशी होती. गाडी मी चालवायची. जागा बाबा निवडायचे, आणि तिथे मी तोंड उघडत नसे, कारण उजेड कुठून येणार आणि धुकं कधी फाटणार हे त्यांना हाडांतून कळतं. ट्रायपॉड ठेवला की ते मान वाकडी करून चौकट ठरवायचे: "डावीकडे घे. अजून. आकाश कमी कर. बस." मग माझं काम. मी मागच्या स्क्रीनवर चित्र मोठं करून लेन्सची रिंग केसाएवढी पुढेमागे फिरवायची, आणि हवं ते शार्प झालं की रिंगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवायची, म्हणजे धक्का लागला तरी हलणार नाही. मग बाबा बटण दाबायचे. हवा तो क्षण येईपर्यंत कधी कधी अर्धी सकाळ जायची.

सुरुवातीला ते सांगायचे तिथेच मी फोकस करायची. "कड्यावर लाव." कायम कडा. मग एका सकाळी तळ्याच्या काठावर, लेन्सच्या अगदी पुढ्यात, एक वाळकं पातं होतं आणि त्याला एक चतुर चिकटून बसला होता. पंख दवाने इतके जड झालेले की त्याला उडता येत नव्हतं. मी कड्याकडे बघितलं. कडा होता तिथेच होता, काही हजार वर्षं तसाच असेल. मी रिंग फिरवली आणि चतुर शार्प झाल्यावर तिच्यावर टेप मारली.

"लावलास?"

"लावला. पण कड्यावर नाही, गवतावर. तिथे चतुर आहे एक."

"चतुर?" बाबा असे ओरडले की तो बिचारा ओल्या पंखांनिशीही उडायला बघू लागला. "चतुर बघायला पहाटे उठलो मी? गवत काय, दारात पण उगवतं! लाव कड्यावर!"

"ऊन येतंय," मी म्हटलं. "आता दाबायचं तर दाबा."

त्यांनी शिव्या घालत बटण दाबलं. घरी आल्यावर मी तो फोटो मोठा छापून त्यांच्या टेबलावर ठेवला. बाबांनी तो उचलला, गालाजवळ आणला, मान वाकडी करून इंच इंच बघितला आणि खाली ठेवला. त्या दिवसापासून ते "कड्यावर लाव" म्हणायचे बंद झाले. नुसतं "लाव" म्हणायचे.

म्हणजे त्यांना कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं.

पुढचे सगळे फोटो तसे. शेवाळाचा दगड आणि मागे विरघळलेलं जंगल. काठावर पडलेलं पीस आणि मागे पाण्याची नुसती चमक. लोक म्हणायला लागले की सरांना या वयात नवी दृष्टी मिळाली. मी आधी हसत हसत म्हटलं, "बाबा, खाली माझं पण नाव घाला की." ते म्हणाले, "गाडीत पेट्रोल भरणाऱ्याचं पण घालू का?" दुसऱ्यांदा मी हसले नाही. तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं, की फोटो म्हणजे कुठे उभं राहायचं आणि किती वेळ थांबायचं. रिंग काय, कुणीही फिरवेल. पहिलं वाक्य खरंच आहे. म्हणून तर दुसऱ्याचा जास्त राग येतो.

तर मग हे प्रदर्शन. भल्यामोठ्या खोलीत पांढऱ्या भिंती, प्रत्येक फोटोवर वेगळा दिवा, आणि दारात मोठ्या अक्षरांत प्रदर्शनाचं नाव: ‘पायाशी’. प्रत्येक फोटोखाली बाबांचं नाव. मी सगळ्या खोलीभर फिरून बघितलं, कुठे बारीक अक्षरात ‘साहाय्य’ म्हणून तरी लिहिलंय का. नव्हतं.

भाषण संपल्यावर गॅलरीच्या बाई बाबांना घेऊन गर्दीतून माझ्याकडे आल्या.

"ही माझी मुलगी," बाबा म्हणाले. "दात बनवते."

आजूबाजूचे हसले. मीही दात दाखवले, घरचेच.

"सर, माझ्या डोक्यात एक कल्पना आहे," बाई म्हणाल्या. "आपण एक छोटी फिल्म करू या. तुम्ही तळ्याकाठी, पहाटे, काम करताना. लोकांना बघायचंय की तुम्ही फोकस कुठे करायचा ते कसं ठरवता. नुसते हात दाखवले तरी पुरे."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल की जमणार नाही, गुडघे दुखतात, सर्दी झालीय, काहीही.

"या की शनिवारी!" बाबा म्हणाले.

गाडीत मी गिअर आपटत टाकत होते. ते मात्र शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात त्यांनी मला बेत सांगितला. आई टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. बेत असा, की शनिवारी आपण त्या लोकांच्या आधी पोहोचायचं. कॅमेरा लावायचा, मी फोकस करायचा, टेप मारायची. मग ते आले की बाबा पुढे होऊन रिंगवर हात फिरवल्यासारखं करतील, रिंग काही हलायची नाही, आणि बटण दाबतील.

"आणि मी?"

"तू गाडीमागे थांब."

"गाडीमागे."

"मध्ये मध्ये आलीस तर फिल्मवाल्यांना त्रास."

माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो मी ओट्यावर इतक्या जोरात ठेवला की आईच्या पुढ्यातले वाटाणे उड्या मारत खाली गेले.

"मी येणार नाही," मी म्हटलं. "जा तुम्ही एकटे. फिरवा रिंग. कुणीही फिरवतं ना?"

"आवाज खाली!"

"माझं नाव घाला. प्रत्येक फोटोखाली. फोटो तुमचा, फोकस माझा, एवढंच. मग शनिवारी काय, रोज येते."

"नाव घातलं की लोक विचारतील, का?" बाबा आता उभे राहिले होते आणि फ्रिजशी भांडत होते, कारण मी तिथून सरकले होते हे त्यांना कळलं नव्हतं. "मग काय सांगू? माझे डोळे गेले? उद्यापासून कुणी माझे फोटो बघणार नाही, माझे डोळे बघतील! आंधळ्याने काढलेले फोटो! सर्कशीत अस्वल सायकल चालवतं तेव्हा सायकल कशी चालवली ते कुणी बघतं का? अस्वल आहे म्हणून टाळ्या वाजवतात!"

"आणि मला कुणी बघायचंच नाही?"

"तुला काय कमी आहे? तुझं काम आहे, पगार आहे, धडधाकट डोळे आहेत. माझ्याकडे हे एवढंच आहे. ते पण तुला हवं?"

असं बोलायला माणूस नालायक असावा लागतो, किंवा घाबरलेला. मला त्या वेळी फक्त पहिलं दिसत होतं.

"आई, तू तरी सांग यांना."

आई खाली वाकून वाटाणे गोळा करत होती. "मी कुणाच्या बाजूने, हे मला विचारू नका," ती म्हणाली. "मला तुम्हा दोघांचाही कंटाळा आलाय. आणि अहो, फ्रिजवर ओरडताय तुम्ही. ती खिडकीपाशी आहे."

बाबा ताड ताड निघून गेले. दाराची चौकट मात्र चुकली नाही, कडेकडेचं त्यांना दिसतं.

आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पण न्हाणीघरातून त्यांचा आवाज यायचा. ते भाषण घोकत होते. "हे पातं बघा. याच्या टोकावर थेंब आहे. त्या थेंबासाठी मी कड्यावर पाणी सोडलं." परत पहिल्यापासून. "हे पातं बघा." लॅबमध्ये काम करताना तेच वाक्य माझ्या कानात वाजायचं, आणि एका बाईचा पुढचा दात मी घासता घासता इतका घासला की नवा करावा लागला.

मग मी गेले कशाला शनिवारी? आईने विचारलं तेच. गाडी कोण चालवणार होतं? टॅक्सीवाल्याला त्यांनी फोकस करायला लावलं असतं, एवढे हट्टी आहेत. आणि खरं सांगायचं तर तिथे काय होतं ते मला बघायचं होतं. आई पण आली, थर्मास घेऊन. म्हणाली, "कुणी कुणाला तळ्यात ढकललं तर साक्षीदार हवा."

तळ्याकाठी पोहोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. बाबांनी गाडीतून उतरून वास घेतला, मान वाकडी केली, दहाएक पावलं डावीकडे गेले आणि थांबले. "इथे. खाली घे. अजून खाली, गवताच्या उंचीला." मी ट्रायपॉड पसरला. जागा अशी काही निवडली होती त्या माणसाने की माझा राग क्षणभर विसरायला झाला. पुढे दवाने वाकलेलं गवत, त्यापलीकडे दुधासारखं पाणी, आणि त्यावर तरंगत असल्यासारखा कडा.

मी स्क्रीनवर गवत मोठं करून बघायला लागले.

"काय करतेस?" बाबांनी विचारलं. आठवडाभरातला पहिला प्रश्न.

"पातं शोधतेय."

"आज गवतबिवत नको. कड्यावर लाव."

मी वर बघितलं. "कड्यावर?"

"कळतं ना मराठी? फिल्मवर माझा फोटो यायचाय. माझ्या पद्धतीने येऊ दे. मला तुझे उपकार नकोत."

मी त्यांना त्याच क्षणी सांगू शकले असते की बाबा, तुम्ही आठवडाभर पात्यावरच्या थेंबाचं भाषण पाठ केलंय. कड्यावर फोकस केला तर थेंब दिसणार नाही, नुसता हिरवा फराटा दिसेल, आणि त्या लोकांना डोळे आहेत. त्यांच्या डोक्यात भाषण एका कप्प्यात होतं आणि फोटो दुसऱ्यात. आयुष्यभर ते लोकांशी एक बोलले आणि रानात दुसरं वागले, कधी अडलं नाही. आता अडणार होतं, हे मला लख्ख दिसत होतं. आणि मी गप्प बसले. मुद्दाम. उपकार नकोत ना? बरं. मी रिंग फिरवली, कड्यावरच्या खुरट्या झाडांची फांदी न् फांदी वेगळी होईपर्यंत फिरवली, टेप मारली आणि नखाने घट्ट दाबली.

"लावला. कड्यावर."

"जा आता गाडीमागे."

मी गेले. आईने काही न विचारता थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला.

बाई आल्या, बरोबर एक शूटिंगवाला आणि एक आवाज टिपणारी मुलगी. नमस्कार झाले, बाबांच्या कॉलरला छोटा माइक लावला. मग बाबा ट्रायपॉडमागे गुडघ्यावर बसले. गाडीच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. मान ताठ. हात रिंगवर, इकडून तिकडे, काय सुंदर नाटक! रिंग जागची हलत नव्हती, पण बोटं अशी फिरत होती की मीच फसले असते.

"लोक विचारतात, फोकस कुठे," बाबांनी सुरुवात केली. आवाज एकदम मऊ. "मी म्हणतो, वाका. हे पातं बघा. याच्या टोकावर थेंब आहे. त्या थेंबासाठी मी समोरच्या कड्यावर पाणी सोडलं. तो पुसट झाला तरी चालेल. आपण आयुष्यभर लांबच्या कड्यांकडे बघतो आणि पायाशी कोण आहे ते बघतच नाही."

पायाशी कोण आहे! आईने माझं मनगट धरलं.

क्लिक झालं. "वा, सर!" बाई म्हणाल्या. शूटिंगवाला मात्र बाबांच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे आला. "सर, तो थेंब जरा मोठा करून दाखवा ना. क्लोजअप घेतो."

बाबांनी बटण दाबलं. ते बटण कुठे आहे हे त्यांच्या अंगठ्याला पाठ आहे. चित्र मोठं झालं.

शूटिंगवाला आणखी वाकला. मग म्हणाला, "सर, थेंब दिसत नाहीये."

"नीट बघा."

"गवत सगळं ब्लर आहे, सर. मागचा कडा शार्प आलाय."

बाई पण वाकल्या. "हो की. सर, आज तुम्ही उलटं केलंत?"

इथे बाबांना पुष्कळ काही म्हणता आलं असतं. चुकलो म्हणाले असते, पुन्हा काढू म्हणाले असते. बाबा हसले आणि म्हणाले, "मुलीचा वेंधळेपणा. ट्रायपॉड उचलायला सांगितलं तर रिंगच हलवून ठेवली असणार. तिला या गोष्टींतलं काही कळत नाही."

आईने माझं मनगट सोडलं.

मला गाडीमागून तळ्याकाठी पोहोचल्याचं आठवत नाही. बूट चिखलात रुतत होते एवढं आठवतं.

"रिंग हलली नाही," मी म्हटलं. खरं तर ओरडले. आवाज टिपणाऱ्या मुलीने कानावरचं यंत्र दूर केलं. "रिंगवर टेप आहे. ही बघा. मी लावली. तुम्ही सांगितलंत कड्यावर, मी कड्यावर केला. बघा म्हणावं कडा, झाडं मोजता येतील! वेंधळी मी?"

बाबांचा चेहरा अजून हसत होता, पण माझ्या दिशेला नाही. मी पुढे निघून गेले होते आणि ते मी आधी जिथे होते तिकडे बघून हसत होते.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "फोकस तुम्ही केलात?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते, शूटिंगवाल्याचा कॅमेरासुद्धा. ‘आजच्यापुरता’ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. बाबांच्या गळ्यातली शीर उडत होती. ते घाबरले होते. स्वयंपाकघरातही घाबरलेलेच होते, हे मला आत्ता दिसलं. आणि तरी माझा राग काही उतरला नाही.

"मी केला," मी म्हटलं. "आजचा पण आणि तुमच्या भिंतीवरचे पण. चतुर, दगड, पीस, सगळे. जागा त्यांची, उजेड त्यांचा, थांबणं त्यांचं. कशाकडे बघायचं ते मी ठरवलं."

त्यांच्या डोळ्यांबद्दल मी बोलले नाही. ते सांगायचं काम माझं नव्हतं.

"सर?" बाई म्हणाल्या.

तळ्यावर कुठेतरी एक पक्षी फडफडला. बाबा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठले. माझा आवाज आला होता त्या बाजूला वळले. आणि मग, त्या परक्या माणसांसमोर, चालू कॅमेऱ्यासमोर, त्यांनी मान वाकडी केली. पार खांद्याला लागेपर्यंत. डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघायला लागले, कपाळ, मग नाक, मग तोंड, प्रिंट बघतात तसं, इंच इंच. बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना कळलं. ते बघताना कुणालाही कळलं असतं.

"म्हातारी झालीस गं," बाबा म्हणाले.

"तुमच्यामुळे."

"भयंकर चिडलीयस."

"हो."

"दिसतंय." मान तशीच वाकडी ठेवून ते शूटिंगवाल्याला म्हणाले, "चालू आहे ना तुमचं? ठेवा चालू. लिहून घ्या." आणि त्यांनी माझं नाव सांगितलं. पहिलं, मधलं, आडनाव. लहानपणी मार देण्याआधी घ्यायचे तसं, एकेका शब्दावर आपटून. "प्रत्येक फोटोखाली. आणि उद्या कुणी माझे डोळे बघायला आलं तर त्याला हिच्याकडे पाठवा. ही चावेल."

मला वाटलं होतं, नाव मिळालं की राग जाईल. कुठला जातोय! सगळ्यांसमोर माझी नालस्ती करून झाल्यावर, अडल्यावर, दिलं होतं त्यांनी ते. शूटिंगवाल्याच्या चेहऱ्यावर तर असा भाव होता की जणू बाबांनी केवढा त्याग केला. मी ट्रायपॉडपाशी बसले आणि टेप सोलायला लागले. इतकी घट्ट दाबली होती की नखात राहत होती.

"काय चाललंय अजून?" बाबा मागून खेकसले. "ऊन वर येतंय. गवतावर लाव."

"कुठे लावायचा ते मी ठरवीन."

"मग ठरव की! थेंब काय तुझं रडणं संपेपर्यंत बसून राहणार आहेत?"

"मी रडत नाहीये."

बाबा माझ्या शेजारी चिखलात गुडघे टेकून बसले, मान वाकडी केली आणि परत बघितलं.

"रडतेयस," ते म्हणाले. "पूस आणि लाव."